आधीं कोण, मागून कोण?

जमाखर्चाच्या वहींत दोन रकमा कोणत्याहि क्रमानें मांडल्या तरी बेरीज तीच येते. म्हणून क्रम हा केवळ सोयीचा प्रश्न आहे, अशी आपली सामान्य समजूत असते. परंतु रोग्यास भूल आधीं द्यावयाची कीं शस्त्र आधीं चालवावयाचें, हा प्रश्न कोणी सोयीचा म्हणणार नाहीं. तेथें कृत्यें तींच, करणारे हात तेच, आणि तरीहि क्रम बदलला कीं उपचाराचा घात होतो. ज्या वेब-प्रोग्रॅमांवर आज जगाचा बराचसा व्यवहार चालतो, त्यांच्या रचनेंत हा दुसऱ्या प्रकारचा क्रम पदोपदीं आढळतो. आणि तो कोणीं ठरवावयाचा, या एका प्रश्नाभोंवतीं गेल्या तीस वर्षांचा बोधप्रद इतिहास गुंफलेला आहे. तो आमच्या वाचकांपुढें ठेवावा असें मनांत येण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. तो आधीं सांगतों.

एका शिक्षणसंस्थेनें फी-सवलतीचे अर्ज वेबवरून घेण्याची व्यवस्था केली. तिच्या समितीवर आम्हीहि होतों. प्रोग्रॅम लिहिणारे तरुण हुशार होते व काम त्यांनीं मनापासून केलें होतें. प्रत्येक अर्जास स्वतंत्र पत्ता होता, आणि त्या पत्त्याच्या शेवटीं विद्यार्थ्याचा हजेरीपटावरील क्रमांक असे. ओळख पटवून आंत आल्यावांचून कोणताहि अर्ज वाचतां येऊं नये यासाठीं पहारा ठेवलेला होता, आणि तो पाहून आम्हीं सर्वांनीं संमति दिली होती. कांहीं दिवसांनीं एका विद्यार्थ्यानें येऊन सांगितलें कीं, पहारा आहे खरा, पण तो बोलका आहे. ओळख न देतां एखाद्या क्रमांकाचा पत्ता मागितला असतां, त्या क्रमांकाचा अर्ज नसेल तर "असें पान नाहीं" असें उत्तर येई. आणि अर्ज असेल तर "प्रथम आपली ओळख द्या" असें येई. अर्जांतील एक अक्षरहि बाहेर जात नव्हतें. परंतु वर्गांतील कोणत्या मुलानें गरिबीमुळें सवलत मागितली आहे, हें ज्याला हजेरीपट ठाऊक होता त्याला घरबसल्या कळत होतें. ज्या मुलानें हें आम्हांस सांगितलें, त्याचा स्वतःचा अर्ज त्यांत होता.

तपासणी केली तेव्हां दोष सांपडला तो असा. मागणी आंत येतांच दोन कामें होत: पत्त्यांतील क्रमांक घेऊन त्या क्रमांकाचा अर्ज दप्तरांतून काढणें, हें एक, आणि मागणाऱ्याची ओळख पाहणें, हें दुसरें. दोन्ही कामें करणारे भाग आपापल्या परी निर्दोष होते. फक्त दप्तर आधीं उघडलें जात होतें आणि ओळख मागून विचारली जात होती. आपल्या जुन्या वाड्यांत पहारा देवडीवर असे आणि सदर तिच्या आंत असे. येथें पाहुणा सदरेवर जाऊन कारकुनाशीं बोलून आल्यावर पहारेकरी त्याला नांव विचारीत होता. ही उलटापालट हुशार माणसांच्या हातून कशी झाली, हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

ब्राउझर पान मागतो आणि सर्व्हर तें देतो, एवढाच व्यवहार वरून दिसतो. परंतु मागणी सर्व्हरपाशीं पोंचल्यापासून उत्तर निघेपर्यंत अनेक किरकोळ कामें व्हावीं लागतात: मागणीची नोंद करणें, कुकी उलगडणें, मागणाऱ्याचें चालू सत्र शोधणें, त्याची ओळख पटविणें, त्याचा अधिकार पाहणें, उत्तर दाबून लहान करणें. हीं कामें जवळजवळ प्रत्येक पानास लागतात, म्हणून तीं प्रत्येक पानाच्या प्रोग्रॅमांत पुन्हां पुन्हां न लिहितां त्यांचे वेगळे थर करून मध्यें बसवितात. पत्ता पाहून मागणी योग्य प्रोग्रॅमकडे नेणें याला राउटिंग म्हणतात. अशा ठरलेल्या पत्त्याला रूट म्हणजे मार्ग म्हणतात. आणि मार्गावर बसविलेल्या या थरांस मिडलवेअर म्हणतात. मिडलवेअर हा शब्द वेबहून जुना आहे. १९६८ सालीं जर्मनींतील गार्मिश येथें नाटोच्या विद्यमानें सॉफ्टवेअर-एंजिनिअरिंगवर जी प्रसिद्ध परिषद भरली, तिच्या अहवालांत तो आढळतो. तेथें त्याचा अर्थ यंत्राची मूळ व्यवस्था आणि विशिष्ट कामाचा प्रोग्रॅम यांच्या मधलें सॉफ्टवेअर असा होता. वेबच्या लोकांनीं शब्द तोच ठेवून त्याला मागणी आणि उत्तर यांच्या मधल्या थराचा नवा अर्थ दिला.

वेबच्या आरंभीं हे थर नव्हतेच. १९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एन. सी. एस. ए. या केंद्रांत सी. जी. आय. नांवाची पद्धति निघाली. मागणी आली कीं सर्व्हरनें एक स्वतंत्र प्रोग्रॅम सुरू करावयाचा, मागणीचा तपशील त्याच्या हातीं द्यावयाचा, आणि तो जें लिहील तें उत्तर म्हणून पाठवावयाचें, अशी ती साधी रीत होती. या पद्धतींत बहुतेक सारा क्रम त्या एका प्रोग्रॅमाच्या ओळींतच असे. ज्यानें प्रोग्रॅम लिहिला त्यानें ओळख आधीं विचारली तर ती आधीं. विसरला तर मुळींच नाहीं. क्रमाची जबाबदारी कोणाची, हा वादच नव्हता. पण शंभर प्रोग्रॅम असले कीं तीच काळजी शंभर वेळां घ्यावी लागे.

१९९५ सालीं त्याच केंद्राच्या सर्व्हरांतून अपाची हा सर्व्हर निघाला, आणि त्याच्या रचनेबरोबर क्रमाची पहिली खरी व्यवस्था आली. अपाचीनें मागणीच्या प्रवासाचे टप्पे पाडले: पत्त्याचें भाषांतर, प्रवेशाची परवानगी, ओळख, अधिकार, पानाचा प्रकार, उत्तर, आणि शेवटीं नोंद. कोणींहि नवा भाग लिहावा आणि तो आपल्या टप्प्यावर बसवावा. ओळख पाहणारा भाग चुकून उत्तराच्या मागें जाईल, अशी सोयच येथें ठेवलेली नव्हती. क्रम सर्व्हरच्या कर्त्यांनीं एकदांच ठरविला होता. परंतु एकाच टप्प्यावर दोन भाग बसले तर त्यांतला आधीं कोण? १.३ या आवृत्तींत याचें उत्तर भागांच्या यादींत होतें, आणि तें उलटें होतें: यादींत जो शेवटीं लिहिला, त्याला मान पहिला. हा नियम ज्याला ठाऊक नसे त्याची यादी दिसण्यांत बरोबर आणि चालण्यांत चूक ठरे.

२००२ सालच्या अपाची २.० मध्यें हा दोष काढण्याचा प्रयत्न झाला. प्रत्येक भागानें आपल्याला कोणाच्या आधीं व कोणाच्या मागून यावयाचें तें स्वतः सांगावें, आणि त्याशिवाय आपली पायरीहि सांगावी, अशी व्यवस्था केली गेली. पायऱ्यांचीं नांवें पाहण्यासारखीं आहेत: पहिला, मधला, शेवटचा, आणि या तिघांच्या दोन्ही बाजूंस "खरोखर पहिला" व "खरोखर शेवटचा". नुसता "पहिला" हा शब्द पुरेनासा झाला, म्हणून "खरोखर पहिला" काढावा लागला, या एका गोष्टींत या विषयाचा अर्धा इतिहास येतो. प्रत्येकास आपण पहिलें असावें असें वाटतें. आणि दोघे "खरोखर पहिले" एकत्र आले कीं प्रश्न पुन्हां मूळपदावर येतो.

इकडे जावा भाषेच्या सर्व्हलेट-नियमावलीच्या २.३ या आवृत्तींत, २००१ सालीं, फिल्टर आले. एका फिल्टरानें आपलें काम करून पुढच्याच्या हातीं मागणी द्यावी, अशी ती साखळी होती. साखळीचा क्रम सर्व्हलेटांच्या मांडणीच्या फाइलींत ज्या क्रमानें फिल्टर मार्गांस जोडले असतील तो. मात्र पत्त्यावरून जोडलेले आधीं आणि सर्व्हलेटच्या नांवावरून जोडलेले मागून. फाइल लांबलचक होई, लोक तिला कंटाळत. म्हणून २००९ सालच्या ३.० या आवृत्तींत फिल्टरच्या प्रोग्रॅमावरच एक खूण लिहून काम भागविण्याची सवलत मिळाली. सवलत मोठी होती. पण खुणेंत क्रम सांगण्यास जागाच ठेवली नव्हती. ज्याला क्रमाची पर्वा त्यानें पुन्हां त्या लांबलचक फाइलीकडे जावें. फाइल टाकून दिली तेव्हां तिच्याबरोबर एक गोष्ट न बोलतां टाकली गेली होती: ओळींची उतरंड हाच क्रमाचा लेख होता.

पायथॉन भाषेंत या विचारास अधिक शास्त्रीय रूप आलें. डिसेंबर २००३ मध्यें फिलिप ईबी यांनीं डब्ल्यू. एस. जी. आय. ही नियमावली मांडली. तींत मधला थर म्हणजे दोन तोंडांचा मनुष्य: बाहेरून पाहिलें तर तो प्रोग्रॅम दिसतो, आंतून पाहिलें तर सर्व्हर. म्हणून एका थरानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास गुंडाळीत जावें, आणि क्रम हा त्या गुंडाळण्यांतच असावा. कांद्याचा दृष्टान्त या क्षेत्रांत रूढ आहे तो यामुळें. मागणी बाहेरच्या पापुद्र्यांतून गाभ्याकडे जाते, आणि उत्तर गाभ्यांतून त्याच पापुद्र्यांतून उलट्या क्रमानें बाहेर येतें. या उलट येण्याकडे नवशिक्याचें लक्ष नसतें. जो थर जातांना पहिला, तो येतांना शेवटचा. आधीं कोण या प्रश्नाला येथें एक उत्तर नसून दोन आहेत.

२००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या जँगो या फ्रेमवर्कमध्यें याचें उत्तम उदाहरण सांपडतें. जँगोंत थरांची एक सरळ यादी असते. मागणी वरून खालीं जाते, उत्तर खालून वर येतें. आतां तयार पानें सांठवून ठेवणारा थर, म्हणजे कॅश, या यादींत कोठें बसवावा? सांठवलेलें पान शोधावयाचें तें ओळख, भाषा इत्यादि सर्व गोष्टी ठरल्यावर, म्हणजे जातांना शेवटीं. पान सांठवावयाचें तेंहि सर्व थरांचे संस्कार त्यावर झाल्यावर, म्हणजे येतांना शेवटीं. जातांना शेवटचा तो यादींत तळाशीं. येतांना शेवटचा तो यादींत शिखरावर. एकच थर दोन ठिकाणीं कसा राहणार? म्हणून जँगोनें त्याचे दोन थर केले: सांठविणारा यादीच्या माथ्यावर आणि शोधणारा पायथ्याशीं. ही जोडी ज्याला समजली, त्याला हा विषय समजला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्याच जँगोंत अकरा वर्षें एक विसंगति राहिली. मध्येंच एखाद्या थरानें मागणी अडवून स्वतःच उत्तर दिलें, तर तें उत्तर परत जातांना यादींतील सर्व थरांतून जाई. ज्यांनीं ती मागणी पाहिलीहि नव्हती अशा खालच्या थरांतूनसुद्धां. जातांना आपण जें मांडून ठेवलें तें येतांना सांपडेल, या भरंवशावर लिहिलेला थर अशा वेळीं फसे. ऑगस्ट २०१६ मधील १.१० या आवृत्तींत नवी पद्धति आली, आणि जो जेथून वळला तो तेथूनच, ज्या दारांनीं आंत गेला त्याच दारांनीं बाहेर, असा नियम झाला. कांद्याचा दृष्टान्त तेव्हां कोठें पुरता खरा झाला.

रूबी भाषेंत २००७ सालीं लिआ नॉयकिर्शेन यांनीं रॅक काढलें, आणि मार्च २००९ च्या २.३ आवृत्तींत रेल्स या फ्रेमवर्कनें तें आपलेंसें केलें. रेल्सचे कर्ते आपली तयार यादी देतात आणि वापरणाऱ्यास तींत सापेक्ष सूचना करूं देतात: अमुकाच्या आधीं हा घाला, अमुकाच्या मागें तो घाला, हा काढून टाका. शिवाय शेवटीं बनलेली सबंध यादी एका आज्ञेनें छापून पाहतां येते. आमच्या मतें ही छापून पाहण्याची सोय या साऱ्या इतिहासांतील सर्वांत कमी गाजलेली आणि सर्वांत उपयोगी गोष्ट होय. क्रम कोणींहि ठरवो, तो वाचतां आला पाहिजे.

नोड या व्यवस्थेवरील एक्सप्रेस या फ्रेमवर्कनें त्याउलट टोंकाचा साधेपणा पत्करला. ज्या क्रमानें ओळी लिहिल्या त्या क्रमानें थर चालावयाचे, आणि प्रत्येकानें "पुढें" म्हणून हांक दिली तरच पुढचा चालावयाचा. मात्र आरंभींच्या आवृत्त्यांत येथेंहि एक मेख होती. सर्व मार्ग मिळून राउटर नांवाचा एकच थर होई. आणि तो कोठें बसवावयाचा हें सांगितलें नाहीं, तर पहिला मार्ग जेथें लिहिला तेथेंच तो आपोआप बसे. मग त्या ओळीच्या खालीं लिहिलेला पहारा, पुढच्या मार्गांच्या वर दिसत असूनहि, प्रत्यक्षांत साऱ्या मार्गांच्या मागें पडे. एप्रिल २०१४ च्या चौथ्या आवृत्तींत हा वेगळा थर काढून टाकला गेला. तेव्हांपासून मार्ग आणि थर एकाच रांगेंत आहेत, आणि कागदावर जें आधीं तें चालण्यांतहि आधीं आहे.

आतां आमच्या प्रसंगाकडे वळूं. ती अर्जांची व्यवस्था पी. एच. पी. भाषेंतील लॅराव्हेल या फ्रेमवर्कवर लिहिलेली होती. टेलर ओट्वेल यांनीं तें २०११ सालीं प्रथम प्रसिद्ध केलें. आरंभीं त्यांत मार्गाच्या आधींचे व नंतरचे असे फिल्टर होते. फेब्रुवारी २०१५ मधील पांचव्या आवृत्तींत त्यांची जागा मिडलवेअरनें घेतली. यांत थर तीन ठिकाणांहून येतात. कांहीं सर्व मागण्यांस लागणारे. कांहीं गटाचे, म्हणजे मार्गांच्या समूहास एकदम लावलेले. आणि कांहीं एकेका मार्गावर स्वतंत्र लावलेले. सामान्यतः ते याच क्रमानें चालतात. येथेंच अडचण उत्पन्न होते. पत्त्यांतील क्रमांकावरून दप्तरांतील नोंद काढणारा थर गटांत असतो. ओळख पाहणारा थर बहुधा मार्गावर लावला जातो. नुसत्या लिहिल्या क्रमानें चालावयाचें म्हटलें, तर नोंद आधीं आणि ओळख मागून, हा घोटाळा ठरलेलाच.

हें ओळखून लॅराव्हेलनें एक प्राधान्य-यादी ठेवली आहे. ही यादी कोणताहि थर कोठेंहि लावीत नाहीं. लावलेल्या थरांपैकीं जे तींत आहेत, त्यांच्यांत आधीं कोण एवढेंच ती सांगते. मार्गाचे सर्व थर गोळा झाले कीं फ्रेमवर्क ते एकेक पाहत जातें. ज्याचा मान आधींचा पण जागा मागची असा थर आढळला, तर त्याला उचलून योग्य थराच्या पुढें नेऊन बसवितें. लॅराव्हेलचा स्वतःचा ओळख पाहणारा थर या यादींत नोंद काढणाऱ्याच्या वर आहे. म्हणून तो मार्गावर कितीहि मागें लिहिला तरी वेळेवर पुढें येतो. आमच्या तरुणांनीं तो न वापरतां आपल्या गरजेपुरता नवा पहारा लिहिला होता. त्याचें नांव यादींत नव्हतें. जो यादींत नाहीं त्याला यादी हात लावीत नाहीं. तो जेथें लिहिला तेथेंच राहतो. त्यांनीं पूर्वीं केलेल्या कामांत तयार पहारा आपोआप पुढें येत असे. आपणहि लिहिलेला तसाच येईल, हें त्यांनीं गृहीत धरलें. किंबहुना, पहारा आपोआप पुढें येतो हेंच त्यांस ठाऊक नव्हतें. तो मुळांतच पुढें आहे असें त्यांस वाटत होतें.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न ज्याला सुचावा तोच सुचला: पहारा सर्वांच्या अगदीं पुढें नेऊन ठेवला. त्यासरशीं ओळख देऊन आंत आलेलेहि सारे बाहेर काढले गेले. कारण पहारेकऱ्यास ओळख कळते ती सत्रावरून. सत्र कळतें तें कुकीवरून. आणि कुकी उलगडणारा थर अजून चाललाच नव्हता. म्हणजे पहाऱ्याला आधीं तर यावयाचें होतें, पण सर्वांच्या आधीं नव्हे. कुकी, मग सत्र, मग ओळख, मग दप्तर, आणि दप्तरांतील कागद हातीं आल्यावर तो पाहण्याचा या मनुष्यास अधिकार आहे काय हा विचार, असा तो पुरा क्रम आहे. आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीनें दिलेल्या वस्तूवर उभी आहे. पहारा लवकर असावा हें खरें. पण जो पहारेकरी प्रकाश येण्याआधीं चेहरे तपासूं लागतो, तो चोर आणि घरधनी यांस सारखाच हांकलतो. याच जातीचें दुसरें उदाहरण वेबवर नित्य घडतें. एका स्थळावरील पान दुसऱ्या स्थळाकडे विशेष प्रकारची मागणी करूं लागलें, म्हणजे ब्राउझर आधीं एक विचारणा पाठवितो, आणि त्या विचारणेबरोबर ओळखीचा कागद मुळीं नसतोच. तिला उत्तर देणारा थर पहाऱ्याच्या मागें बसविला, कीं पहारा विचारणेसच अडवितो आणि खरी मागणी कधीं येतच नाहीं.

शेवटीं त्या तरुणांनीं आपल्या थराचें नांव प्राधान्य-यादींत, सत्राच्या खालीं आणि नोंद काढणाऱ्याच्या वर, लिहिलें. काम एका ओळीचें होतें. ही यादी पूर्वीं कर्नल नांवाच्या वर्गांत असे. २०२४ सालच्या अकराव्या आवृत्तीपासून ती प्रारंभाच्या फाइलींत, इतर थरांच्या मांडणीशेजारीं लिहितात. ओळख न देणाऱ्यास तेव्हांपासून प्रत्येक क्रमांकास एकच उत्तर मिळूं लागलें.

परंतु ज्या मुलानें दोष दाखविला होता, त्यानें पुन्हां एक शंका काढली, आणि ती आमच्या लक्षांत यावयास हवी होती. वर्गांतील मुलांस स्वतःची ओळख देऊन आंत येतां येतेंच. आंत आल्यावर दुसऱ्याच्या क्रमांकाचा पत्ता मागितला, तर अर्ज असल्यास "तुम्हांस अधिकार नाहीं" आणि नसल्यास "असें पान नाहीं" हीं दोन उत्तरें कायमच होतीं. येथें क्रम बदलून भागण्यासारखें नव्हतें. कारण अर्ज कोणाचा हें कळल्यावांचून अधिकाराचा विचार करितां येत नाहीं, म्हणजे अधिकार पाहणारा थर नोंदीच्या मागेंच हवा. म्हणून दोन्ही प्रसंगीं "असें पान नाहीं" हेंच एक उत्तर द्यावें असें ठरलें, आणि पत्त्यांतून हजेरीचा क्रमांक काढून टाकला. क्रमानें जें बिघडतें तें क्रमानें सुधारतें. जें क्रमाबाहेरचें आहे, तें क्रम लावून सुधारत नाहीं; ही मर्यादाहि नमूद केली पाहिजे.

या साऱ्या इतिहासाकडे एकत्र पाहिलें तर क्रम ठरविण्याच्या तीन रीति दिसतात. पहिली जागेची: जो आधीं लिहिला तो आधीं. दुसरी नात्याची: अमका तमक्याच्या आधीं. तिसरी मानाची: प्रत्येकास पायरी किंवा यादींतील स्थान. जागेची रीति वाचण्यास सोपी, पण थर तीन-चार ठिकाणांहून येऊं लागले कीं अपुरी. नात्याची रीति लवचिक. पण शेवटीं बनलेली रांग छापून पाहिल्यावांचून कोणालाच दिसत नाहीं. मानाची रीति विसराळू मनुष्याचें रक्षण करते, आणि हा तिचा गुण लहान नव्हे. लॅराव्हेलच्या त्या यादीनें किती ठिकाणचे घोटाळे मुकाट्यानें टाळले असतील याची मोजदाद होणें शक्य नाहीं. तिचा दोषहि त्याच गुणांत आहे. जी व्यवस्था मुकाट्यानें सांभाळते, ती आपण काय सांभाळीत आहों हें शिकवीत नाहीं. आणि तिच्या कक्षेबाहेर एक पाऊल पडतांच मनुष्य उघडा पडतो.

कांहीं मित्रांचें म्हणणें असें कीं, यावर उपाय एकच: फ्रेमवर्कनेंच सर्व क्रम ठरवावा आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातीं कांहींच ठेवूं नये. अपाचीच्या टप्प्यांनीं हेंच केलें होतें, आणि ठरलेल्या कामांपुरतें तें उत्तम चाललें. परंतु टप्प्याच्या पोटांत क्रमाचा प्रश्न तेव्हांहि उरलाच होता. सर्व क्रम आधीं ठरवावयाचा तर पुढें कोणते थर निघणार हें आधीं ठाऊक पाहिजे. आणि तें कोणालाच ठाऊक नसतें. आमच्या समितीचा तो पहारा असाच नवा होता. म्हणून आम्हांस वाटतें कीं ही जबाबदारी नवा थर लिहिणाऱ्याकडून काढून घेणें शक्य नाहीं; ती त्याला दिसेल अशी ठेवणें एवढेंच शक्य आहे. थर लिहितांना त्यानें दोन वाक्यें लिहून ठेवावीं: माझ्या आधीं काय झालेलें असलें पाहिजे, आणि माझ्याआधीं काय होतां कामा नये. पहिलें वाक्य बहुतेक सारे मनांत तरी म्हणतात, कारण तें चुकलें तर थर चालतच नाहीं. दुसरें चुकलें तर सर्व कांहीं चालतें, आणि म्हणूनच तें राहून जातें.

आम्हीं समितींत बसून पहारा आहे कीं नाहीं एवढेंच विचारलें होतें. आहे, असें उत्तर मिळालें, आणि तें खरेंहि होतें. तो कोणाच्या आधीं आणि कोणाच्या मागून, हा प्रश्न आमच्यापैकीं एकालाहि सुचला नाहीं. तो विचारण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. देवडी पाहिलेल्या कोणासहि तो विचारतां आला असता. त्या मुलास त्या वर्षीं सवलत मिळाली. त्या अवधींत त्याचा क्रमांक किती जणांनीं घालून पाहिला असेल, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं; कारण मागणीची नोंद करणारा थर त्या तरुणांनीं पहाऱ्याच्या मागें बसविला होता, आणि पहाऱ्यानें परतविलेल्या मागण्या त्या नोंदींत आल्याच नाहींत.